युद्धकाळातील एक हंगाम : होळकरांचा क्रिकेट संघ

देश युद्धात असताना खेळ चालू राहावेत काय, आणि राहिलेच तर खेळाडूच्या पोटापाण्याची सोय कोणी करावी, हे दोन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. त्यांचा विचार करण्यासाठी इंदूरच्या होळकर संघाचा १९४४-४५ चा हंगाम हे उत्तम उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धामुळे इंग्लंडमधील काउंटी स्पर्धा १९४० ते १९४५ या काळात बंद होती. हिंदुस्थानात मात्र रणजी करंडकाचे सामने चालूच राहिले. याचे एक कारण संस्थानिकांचा आश्रय हे होते. होळकर संघाचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू मूळचे आपल्या नागपूरचे. १९२३ साली होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावून आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. म्हणजे नोकरी फौजेची आणि खरे काम मैदानावरचे! आज आपण ज्याला व्यावसायिक खेळाडू म्हणतो, त्याचेच हे जुने रूप म्हटल्यास वावगे ठरू नये.

युद्धाने संघाकडून काही हिरावून घेण्याऐवजी त्याला एक खेळाडूच मिळवून दिला. इंग्लंडचा नामवंत फलंदाज डेनिस कॉम्प्टन सैनिक म्हणून इंदूरजवळच्या महू छावणीत होता. तो होळकरांकडून खेळला.

मार्च १९४५ मध्ये मुंबईविरुद्ध अंतिम सामना झाला. त्याच महिन्यात ब्रह्मदेशात हिंदी सैनिक मंडालेसाठी लढत होते. मुंबईने ४६२ व ७६४ धावा केल्या. त्यांत विजय मर्चंट यांच्या २७८ होत्या. होळकर संघाचा पहिला डाव ३६० धावांत संपला आणि विजयासाठी ८६७ धावांचे आव्हान उभे राहिले. कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला, परंतु संघ ४९२ धावांत बाद झाला. मुंबई ३७४ धावांनी जिंकली. कर्नलांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. ४९ वर्षांचा कर्णधार आणि इतकी राबणूक करणारा गोलंदाज! पराभवातही असा संघ लहान वाटत नाही. पुढच्याच हंगामात बडोद्याला हरवून होळकरांनी करंडक जिंकला.

तेव्हा युद्धात खेळ हा केवळ चैनीचा विषय होता, असे मला वाटत नाही. मात्र १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, हेही विसरून चालणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच काळात घडल्या.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. पुढे काही वर्षांतच, १९५४-५५ च्या हंगामानंतर, होळकर संघाचे नावही रणजी स्पर्धेतून गेले. पगार देणारा हात गेला, की संघही फार काळ टिकत नाही.

आमच्या सडक अर्जुनीकडे धान कापून झाले की रिकाम्या बांध्यांत पोरे क्रिकेट खेळतात. घरचे विचारतात, "खेळून पोट भरते काय?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे. नायडूंसारख्या थोर खेळाडूलाही पोटासाठी नागपूर सोडून इंदूर गाठावे लागले. राजेरजवाडे गेले. ती जबाबदारी आता समाजाने आणि शासनाने उचलली, तरच बांधीतल्या पोराला घरी उत्तर देता येईल.