व्हिडिओ गेमच्या पेटीतील गणित

तुम्ही पेणला राहत असा किंवा रोह्याला, घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या मामांना किंवा काकांना विचारून पाहा, "तुम्ही कधी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गेला होता का?" बहुधा त्यांचा चेहरा खुलेल. १९८० आणि १९९० च्या दशकांत महाराष्ट्रात अशी पार्लरे होती. लहानशा गाळ्यात माणसाच्या उंचीच्या पेट्या ओळीने उभ्या असत. नाणे किंवा टोकन टाकले की खेळ सुरू होई. मागे नंबर लावून उभी असलेली मुले खेळणाऱ्याला न मागता सल्ले देत. आज अशी पेटी क्वचितच दिसते. त्या पेटीत काय दडले होते आणि ती मागे का पडली, ते आपण पाहू.

शत्रूंचा वेग का वाढे?

१९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. पडद्यावर शत्रूंच्या ५ ओळी, प्रत्येक ओळीत ११, म्हणजे एकूण ५५ शत्रू. ते आडवे सरकत हळूहळू खाली उतरत. खेळाडू त्यांना टिपू लागला की उरलेल्यांचा वेग वाढत जाई. शेवटचा शत्रू तर पळतच सुटे! असे का होत असेल बरे?

समजा, पेणच्या एका कारखान्यात ५५ गणेशमूर्ती मांडल्या आहेत. एकच कारागीर एकेका मूर्तीला रंगाचा हात देत जातो. एका मूर्तीला १ मिनिट लागते. मग दुसरा हात देण्यासाठी तो पहिल्या मूर्तीकडे ५५ मिनिटांनी येईल. आता ४४ मूर्ती कच्च्या म्हणूनच विकल्या गेल्या, तर तो ११ मिनिटांतच परत येईल. कारागिराचा हात काही वेगाने चालू लागला नाही. काम कमी झाले, एवढेच.

पेटीतला कारागीर म्हणजे '८०८०' नावाचा सूक्ष्मप्रक्रियक. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटे आणि दर वेळी एकच शत्रू सरके. म्हणून सर्व ५५ जणांचे एक पाऊल पडायला ५५ भागिले ६०, म्हणजे सुमारे ०.९ सेकंद लागे. एकच शत्रू उरला की त्याचे पाऊल १/६० सेकंदात पडे. यंत्राची ही मर्यादाच खेळाची रंगत ठरली, आणि निशिकादो यांनी ती तशीच ठेवली.

२५५ नंतर काय?

जुन्या एसटीचा किलोमीटर मोजणारा मीटर आठवा. त्यात पाचच आकडे असतील, तर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येते. संगणकाचेही तसेच आहे. आठ बिटांच्या जागेत ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. १९८० च्या 'पॅक-मॅन' या खेळात कितवी पातळी चालू आहे ते अशाच आठ बिटांत मोजले जाई. त्यामुळे २५६ व्या पातळीला हिशेब चुके आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या गिचमिडीने भरून जाई. तिथून पुढे जाण्याची सोयच नव्हती!

पेट्या का गेल्या?

यंत्र महाग असते तेव्हा ते अनेकांनी मिळून वापरायचे असते. यंत्र स्वस्त झाले की ते घरोघर जाते. एसटीडी बूथच्या बाबतीत हेच घडले. '८०८०' च्या चकतीवर काही हजार ट्रान्झिस्टर होते. आजच्या चांगल्या मोबाइलच्या चकतीवर ते हजार कोटींहून अधिक असतात. आधी दूरदर्शन संचाला जोडायचे खेळ आले, मग संगणक आणि शेवटी मोबाइल. पार्लरची गरज उरली नाही.

मात्र यात काही गमावलेही. मागे उभे राहून शिकणारी आणि शिकवणारी मुले पांगली. पेट्यांतील काचेच्या चित्रनलिका आता सहसा बनत नाहीत, त्यामुळे एखादी बिघडली तर दुसरी मिळणे कठीण जाते. सुदैवाने १९९७ साली 'मेम' नावाची आज्ञावली निघाली. ती आजच्या संगणकाला जुन्या पेटीसारखे वागायला लावते आणि मूळ खेळातील सूचना जशाच्या तशा चालवते. अशा रीतीने खेळ जपता येतो. पार्लरमधली गर्दी मात्र जपता येत नाही.

करून पाहा

५५ चिंचोके ५ ओळींत मांडा. मित्राला सेकंद मोजायला सांगा. दर सेकंदाला एकच चिंचोका एक बोट उजवीकडे सरकवा. सर्व चिंचोके एकदा सरकायला किती वेळ लागला, ते वहीत लिहा. मग ११ चिंचोके काढून पुन्हा मोजा. असे करत एकच ओळ उरेपर्यंत जा आणि आलेल्या आकड्यांचा आलेख काढा. रेषा सरळ आली का? का आली, याचे उत्तर वर्गातल्या मित्रांसमवेत शोधा. आणि हो, पार्लर पाहिलेल्या मामांनाही सोबत बोलवायला विसरू नका. सल्ले द्यायला त्यांना आवडेल!