उरलेले मूत्रपिंड

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना एकेक मूत्रपिंड असते. त्यालाच किडनी म्हणतात. त्याचा आकार घेवड्याच्या दाण्यासारखा असतो. लांबी सुमारे अर्धी वीत भरते.

रक्त गाळणे हे त्याचे काम. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. रक्तातली घाण त्या वेगळी काढतात. ती लघवीवाटे बाहेर जाते.

कधी मूत्रपिंडात वाईट गाठ होते. कधी मुतखड्याने ते निकामी होते. मग डॉक्टर ते काढायला सांगतात. कधी भाऊ आजारी भावाला आपले एक मूत्रपिंड देतो. अशा वेळी घरात धाकधूक होते. जोडीतला एक बैल गेला की नांगर अडतो. मग एका मूत्रपिंडावर माणूस कसा जगेल? शेतात कसा राबेल?

आम्ही म्हणतो, ही शंका रास्त आहे. डॉक्टरांनाही ती होती. जर्मनी देशात गुस्टाव्ह सिमोन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. मग १८६९ साली एका बाईचे एक मूत्रपिंड काढले. बाई बरी झाली.

पुढे १९५४ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात रोनाल्ड हेरिक याने आपल्या जुळ्या भावाला एक मूत्रपिंड दिले. त्या भावाला ८ वर्षांचे आयुष्य मिळाले. रोनाल्ड स्वतः त्यानंतर ५६ वर्षे जगला.

हे कसे घडते? एक मूत्रपिंड गेले की उरलेल्याकडे जास्त रक्त येऊ लागते. नव्या गाळण्या काही उगवत नाहीत. आहेत त्याच मोठ्या होतात आणि जास्त रक्त गाळतात. मूत्रपिंडही आकाराने वाढते. दोघे मिळून १०० भाग काम करीत असतील, तर एकटे सुमारे ७० भाग करू लागते. उरलेले मूत्रपिंड निरोगी असेल तर माणसाला तेवढे पुरते. जखम भरली की डॉक्टरांना विचारून शेतकामही करता येते.

पण आता शिल्लक काही नाही, हे विसरू नये. म्हणून एवढे सांभाळावे :

१. वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्यावा.
२. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर औषध चुकवू नये.
३. अंगदुखीची गोळी आपल्या मनाने घेऊ नये.
४. मीठ बेताने खावे. तंबाखू, विडी सोडावी.
५. उन्हात राबताना पाणी पीत जावे.

प्रश्न

१. मूत्रपिंडाचे काम कोणते?
२. एक मूत्रपिंड काढल्यावर दुसऱ्यात काय बदल होतो?
३. अशा माणसाने कोणती काळजी घ्यावी?