हजेरीचा आकडा बदलला, मग तांदळाचा का नाही? मोबाईल ॲपमधले 'सिग्नल' समजून घेऊ



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. मोबाईल ॲप बनवताना 'स्टेट' कशी सांभाळायची आणि त्यात 'सिग्नल' नावाची पद्धत काय काम करते, ते आपण बघणार आहोत. नावं ऐकून घाबरू नका. बेरीज-वजाबाकी येते आणि शाळेतला हजेरीचा फळा माहीत आहे, एवढं पुरेसं आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून

सुट्टीत व्हिडिओ बघून बघून मी फ्लटर शिकले आणि वर्गासाठी हजेरीचं एक छोटंसं ॲप केलं. पडद्यावर चार आकडे दिसायचे: पट, हजर, गैरहजर आणि पोषण आहाराचा तांदूळ. पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, हे आपल्याला पाठच आहे.

एके दिवशी पट 26, हजर 22. आहार शिजवणाऱ्या ताईंना मी आदल्या आठवड्यापासून मोबाईलमधलाच आकडा दाखवत होते. थोड्या वेळाने ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची दोन मुलं धापा टाकत आली. मी 'उशिरा आला' हे बटण दोनदा दाबलं. हजर 24 झाले, गैरहजर 2 झाले. मग ताईंना मोबाईल दाखवला. त्यांनी तांदूळ मोजला 2 किलो 200 ग्रॅम.

पंगतीत शेवटी बसली ती हीच दोन मुलं. त्यांच्या ताटात भात कमी पडला. त्यातली मुलगी काही बोलली नाही, फक्त पातेल्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ताईंचं मोजमाप चुकलं. मोबाईल उघडला तर हजर 24 आणि तांदूळ मात्र 2 किलो 200 ग्रॅमच! चूक ताईंची नव्हती, माझी होती.

नेमकं काय चुकलं?

ॲपमध्ये या क्षणी जी माहिती आहे तिला 'स्टेट' म्हणतात. मी हजर, गैरहजर आणि तांदूळ असे तीन वेगळे आकडे साठवले होते. एक बदलला की बाकीचे बदलण्याची जबाबदारी मी लिहिलेल्या प्रत्येक बटणावर होती. 'उशिरा आला' हे बटण मी नंतर घातलं आणि त्यात तांदळाची ओळ लिहायची विसरले. बस्स, एवढंच.

शाळेच्या फळ्यावर असंच होतं की नाही? हजर पुसून नवा आकडा लिहितो आणि गैरहजर तसाच राहतो. साहेब आले की मगच लक्षात येतं!

आता निकालपत्रक आठवा. एक्सेलमध्ये एका विषयाचे गुण बदलले की बेरीज आणि टक्केवारी आपोआप बदलतात. कारण बेरजेच्या चौकटीत आकडा नसतो, सूत्र असतं. ही कल्पना जुनी आहे. 1979 साली आलेल्या व्हिजिकॅल्क या संगणकावरच्या तक्त्यातही हेच होतं. ॲपच्या आकड्यांना तसंच वागायला लावणं म्हणजे सिग्नल पद्धत.

तीन गोष्टी लक्षात ठेवा

1. सिग्नल: मूळ माहिती ठेवायची पेटी. पेटीतला आकडा कोण कोण वापरतं, हे तिला ठाऊक असतं.
2. कॉम्प्युटेड: मूळ माहितीवरून काढलेली माहिती. हिला आकडा द्यायचा नसतो, आकडा काढायची रीत द्यायची असते.
3. इफेक्ट: माहिती बदलल्यावर करायचं काम. उदा. घंटी वाजवणं, माहिती साठवणं.

खरा कोड डार्ट भाषेत इंग्रजी अक्षरांत लिहितात. समजायला आपण मराठीत लिहू:

पट = सिग्नल(26)
हजर = सिग्नल(22)
गैरहजर = कॉम्प्युटेड(पट − हजर)
तांदूळ = कॉम्प्युटेड(हजर × 100)

आता हजर 24 करा. गैरहजर 2 आणि तांदूळ 2400 ग्रॅम. तांदळाची ओळ विसरायचा प्रश्नच उरत नाही, कारण ती कुठल्याच बटणात लिहायची नाही.

हे आपोआप कसं होतं?

जादू नाही. 'तांदूळ'चं उत्तर काढताना ॲप 'हजर' ही पेटी उघडून बघतं. त्याच क्षणी पेटी आपल्या वहीत टिपून घेते, 'तांदूळ माझ्याकडे बघून गेला.' पुढे पेटीतला आकडा बदलला की ती वहीतल्या सगळ्यांना सांगते, 'तुमचं उत्तर जुनं झालं.' मग ज्याचं उत्तर पडद्यावर हवं आहे तेवढंच पुन्हा काढलं जातं. 22 च्या जागी पुन्हा 22 च लिहिलं, तर पेटी कुणालाही हाक मारत नाही.

फ्लटरमध्ये साध्या 'सेटस्टेट' पद्धतीने पडद्याचा तो अख्खा भाग पुन्हा रचला जातो. सिग्नलसोबत 'वॉच' वापरलं, तर ज्या तुकड्यात तो आकडा दिसतो तेवढाच तुकडा रचला जातो.

वेब बनवणाऱ्यांमध्ये ही पद्धत सॉलिडमुळे बरीच पसरली. 2022 मध्ये प्रीॲक्टने सिग्नल आणले, 2023 मध्ये अँग्युलरच्या 16 व्या आवृत्तीत ते आले. फ्लटरसाठीचं 'सिग्नल्स' हे पॅकेज प्रीॲक्टच्याच धर्तीवर आहे.

आता एक प्रश्न तुम्हाला

वरच्या चार ओळींत अजून एक चूक आहे. सापडली का? थोडं थांबा, मगच पुढे वाचा.

'हजर' हा आकडासुद्धा मूळ नाही! मूळ आहेत मुलांच्या नावांपुढच्या खुणा. हजर म्हणजे त्या खुणांची मोजणी, पट म्हणजे नावांची मोजणी. म्हणजे सिग्नल एकच, मुलांची यादी. बाकी चारही आकडे कॉम्प्युटेड. ॲप लिहायला बसण्याआधी कागदावर दोन रकाने करा, 'मूळ' आणि 'काढलेलं'. जे काढता येतं ते साठवू नका. या पाठातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल.

कुठे अडखळायला होतं?

* साध्या सिग्नलमधल्या यादीत आतल्या आत खूण बदलली, तर पेटीला पत्ता लागत नाही. यादी तीच आहे असं तिला वाटतं. नवी यादी द्या किंवा यादीसाठी असलेला 'लिस्टसिग्नल' वापरा. मी या एका गोष्टीत दोन संध्याकाळी घालवल्या.
* 'सगळे हजर' या बटणाने एकामागून एक 26 खुणा बदलत असाल, तर ते काम 'बॅच'मध्ये करा. नाहीतर प्रत्येक खुणेला इफेक्ट चालेल.
* इफेक्ट जो सिग्नल वाचतो, तोच त्यात बदलू नका. गोल गोल फिरत राहील.
* सिग्नल म्हणजे साठवण नाही. ॲप बंद झालं की गेलं. हजेरी डेटाबेसमध्ये जतन करावीच लागते.
* एखादाच आकडा असलेल्या छोट्या पडद्याला 'सेटस्टेट' पुरतं. तिथे सिग्नलचा हट्ट नको.

वर्गात आणि घरी करून बघा

चौथीच्या मुलांसोबत मी हा खेळ घेते. एका मुलाच्या पाटीवर 'पट', दुसऱ्याच्या 'हजर', तिसऱ्याच्या 'गैरहजर', चौथ्याच्या 'तांदूळ'. ज्याला ज्याचा आकडा लागतो त्या दोघांमध्ये सुतळी धरायची. 'हजर'वाल्याने आकडा बदलला की त्याने फक्त आपली सुतळी ओढायची. सुतळी हलली की त्या मुलाने आपलं उत्तर पुन्हा काढायचं. 'पट'ची सुतळी कुणाकुणाकडे जाते, असं विचारा. मुलं पटकन सांगतात.

पालकांनी हेच रात्रीच्या पोळ्यांवर घ्यावं. जेवायला माणसं किती, प्रत्येकी पोळ्या किती, कणीक किती? आत्या अचानक आली तर काय काय बदलेल? मुलांनाच सांगू द्या.

ॲप दुरुस्त होऊन बरेच दिवस झाले. आता मूल उशिरा आलं की तांदळाचा आकडा लगेच बदलतो आणि इफेक्ट मोबाईलची घंटी वाजवतो. पण ताईंनी तांदूळ आधीच धुतला असेल, तर ते मोबाईलला कळत नाही. म्हणून घंटी वाजली की मी एका मुलाला स्वयंपाकघरात पाठवते, "ताईंना सांग, दोन ताटं वाढली."