कळफलकाची निगा

संगणकाचा कळफलक, म्हणजे मुलांच्या तोंडचा कीबोर्ड, ही शाळेतील फार हाताळली जाणारी वस्तू होय. खडूची भुकटी, खाऊचे कण, घामट बोटांचा ओशटपणा हे सारे त्याच्या फटींत साचत जाते. असा कळफलक सुटीत घरी नेऊन स्वच्छ करण्याचा उत्साह अनेक शिक्षकांत असतो. तो स्तुत्यच आहे. परंतु पाटी धुण्याची सवय येथे घातक ठरते.

एका द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींनी शनिवारी दुपारी कळफलक साबणाच्या पाण्याने घासून उन्हात ठेवला. तो लख्ख दिसू लागला. सोमवारी मात्र ‘क’ दाबला तरी उमटेना, आणि दुसरेच एक अक्षर आपोआप ओळभर उमटत राहिले. शाळेत तो एकच असल्याने नवा येईपर्यंत मुलांचा संगणकाचा तास बुडाला.

याचे कारण आतील रचनेत आहे. नेहमीच्या स्वस्त कळफलकात बटणांखाली रबराच्या लहान टोप्या व त्यांखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या व खालच्या पापुद्र्यांवर वीज वाहणाऱ्या रेषा छापलेल्या असून मधल्यास भोके असतात. बटण दाबताच भोकातून त्या रेषा एकमेकींस टेकतात व अक्षर उमटते. या पापुद्र्यांत शिरलेले पाणी तेथेच धरून राहते; नको तेथे जोड होतो आणि पुढे रेषाही खराब होतात.

यास्तव प्रथम संगणक बंद करून कळफलकाची तार काढावी. गोल तोंडाची जुन्या पद्धतीची तार तर संगणक चालू असता कधीही काढू नये. बिनतारी असल्यास सेल काढावेत. मग कळफलक वर्तमानपत्रावर पालथा धरून हलकेच थोपटावा. खाली पडणारा ऐवज पाहून हे काम पूर्वीच का केले नाही, असे बहुतेकांस वाटते! उरलेली धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने ओळीओळीने झाडावी. तोंडाने फुंकू नये. फुंकरीबरोबर ओलावा आत जातो.

ओशटपणासाठी सुती कापड ओले करून थेंबही पडणार नाही इतके पिळावे. चिकट डागास काडीवरील कापसाने आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावावे. मात्र जवळ दिवा वा चूल नसावी आणि ते मुलांच्या हाती देऊ नये. थिनरने प्लॅस्टिक बिघडते व अक्षरे पुसली जातात. ‘एफ’ व ‘जे’ या बटणांवरील बारीक उंचवट्यांभोवतीचा मळ आवर्जून काढावा. न पाहता टंकणाऱ्या मुलाची तर्जनी तेच उंचवटे शोधत असते.

बटणे उपटण्याचा मोह टाळावा. लांब बटणांखाली बहुधा तारेचा आधार असतो. तो निसटला की पुन्हा बसविणे जिकिरीचे. लॅपटॉपची बटणे तर मुळीच काढू नयेत.

चहा सांडल्यास तार तत्काळ काढून कळफलक पालथा करावा आणि सावलीत, वाऱ्यावर निदान एक पूर्ण दिवस ठेवावा. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा देऊ नये. लॅपटॉपवर सांडल्यास तो लगेच बंद करून चार्जर काढावा व दुरुस्ती करणाऱ्यास दाखविल्यावाचून पुन्हा सुरू करू नये.