जुगाराचा हंगाम

पत्त्यांच्या जुगारालाही हंगाम असतो. हाती रोकड आणि रिकामा वेळ एकाच वेळी आले म्हणजे मोह बळावतो. येवल्याच्या अर्थजीवनावरून हे उमजते.

तालुक्यातील खरीप कांदा दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागतो. उन्हाळ कांदा चैत्राच्या आगेमागे. शेतकऱ्याचा पैसा असा हंगामाने येतो. विणकराची मजुरी पैठणी मागावरून उतरल्यावर हाती पडते. कित्येक आठवड्यांच्या श्रमाचे हे मोल एका रात्रीच्या डावात नाहीसे होऊ शकते, आणि त्याची झळ कुटुंबाला वर्षभर पोहोचते.

बलिप्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शिवपार्वतींच्या द्यूताच्या कथेचा आधार घेऊन दिवाळीत डाव मांडले जातात. तथापि १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमात सणासाठी सवलत नाही. जुगाराच्या अड्ड्यावर खेळण्यासाठी उपस्थित राहणे हाही गुन्हा आहे.

मटक्याने मात्र हंगामाची मर्यादा मोडली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवरील पैजांतून तो मुंबईत उगवला आणि आकडा रोजचा झाला. मोबाइलने तर दिवसरात्रीचा भेदही पुसला. म्हणून केंद्राने २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला.

प्रबोधनही हंगाम ओळखूनच व्हावे. दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, शिक्षकांनी पालकांशी बोलावे आणि कांद्याची पट्टी किंवा मजुरी हाती येताच तिचा काही भाग बचत खात्यात जाईल, असे पाहावे. डाव मांडण्यापूर्वी केलेला उपाय अधिक उपयोगी पडतो.