अकबह : ईमानची चढणीची वाट

सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला 'घाट' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. साताऱ्याहून कासकडे निघालेल्याला यवतेश्वराचा घाट चढावाच लागतो. कुरआनने माणसाच्या नैतिक जीवनासाठी हीच ओळखीची प्रतिमा वापरली आहे. 'सूरह बलद'मध्ये 'अकबह' हा शब्द येतो. अकबह म्हणजे डोंगरातील अवघड चढणीची वाट. माणूस कष्टातच निर्माण झाला आहे, त्याला चांगली आणि वाईट अशा दोन्ही वाटा दाखविल्या आहेत. तरीही तो ही चढण चढण्यास धजत नाही, असे ही सूरह आपल्या लक्षात आणून देते.

आज आपले अनेक तरुण सुटीच्या दिवशी डोंगर चढू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्या चढाईतून ईमानच्या वाटेवर उपयोगी पडेल असे काय मिळवायचे, याचा विचार व्हायला हवा.

सातारा जिल्ह्यातील वासोट्याचे उदाहरण घेऊ. बामणोलीहून होडीने शिवसागर जलाशय पार करून पायथ्याशी पोहोचावे लागते. मग कोयना अभयारण्याच्या दाट झाडीतून चढण सुरू होते. त्या झाडीत बराच वेळ माथा दिसत नाही. दिसते ती फक्त पुढची काही पावले उमटतील एवढी वाट. माथा दिसत नसतानाही वाटेवर विश्वास ठेवून चालत राहणे, हाच सब्रचा पहिला धडा होय. सब्र म्हणजे हतबल होऊन बसून राहणे नव्हे. दम लागला तरी दिशा न सोडणे म्हणजे सब्र. आणि तवक्कुल म्हणजे तयारीविना निघणे नव्हे. पाणी, वेळेचे भान, वाटाड्या आणि वनखात्याची परवानगी घेऊन निघावे व परिणाम अल्लाहवर सोपवावा.

चढताना आणि उतरताना काय म्हणावे, हेही आपल्याला शिकविले गेले आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार सहाबा प्रवासात उंचावर चढताना 'अल्लाहु अकबर' आणि खाली उतरताना 'सुब्हानल्लाह' म्हणत. यातील मर्म पाहा. माणूस उंच जातो तेव्हा त्याला आपणच मोठे झालो असे वाटू लागते. नेमक्या त्याच क्षणी जीभ म्हणते, मोठा केवळ अल्लाह आहे. जमिनीवर ताठ्याने चालू नका, तुम्ही उंचीत पर्वतांना गाठू शकणार नाही, ही 'सूरह बनी इस्राईल'मधील ताकीद वासोट्याच्या बाबूकड्यापाशी उभे राहिल्यावर वेगळ्याने उमगते.

दुसरा धडा सोबत्यांविषयीचा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) प्रवासात काफिल्याच्या मागे राहत, अशक्तांना पुढे नेत, त्यांना आपल्या वाहनावर घेत आणि त्यांच्यासाठी दुआ करीत. माथ्यावर सर्वांत आधी पोहोचल्याचा अभिमान बाळगणाऱ्याने ही सुन्नत आठवावी. मागे पडलेल्या सोबत्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेणारा उशिरा पोहोचेल, पण तोच अधिक उंच चढला असेल.

हिरा गुहेची घटनाही हेच सांगते. पहिली वह्य अवतरल्यानंतर प्रेषित (स.) डोंगरावर थांबले नाहीत, ते थरथरत घरी, माणसांत परतले. तेव्हा हजरत खदीजा (रजि.) यांनी त्यांना धीर दिला. त्यांनी आठवण करून दिली ती नाती जपण्याची, दुबळ्यांचे ओझे वाहण्याची, पाहुण्यांच्या आदरातिथ्याची आणि संकटग्रस्तांच्या मदतीची. डोंगरावर मिळालेल्या प्रकाशाचे काम खाली, वस्तीत होते.

आता पुन्हा अकबहकडे वळू. ही चढण म्हणजे काय, याचे उत्तर कुरआन स्वतःच देतो. गुलामाची मान मोकळी करणे, भुकेच्या दिवशी नात्यातील अनाथाला किंवा धुळीस मिळालेल्या गरिबाला जेवू घालणे. आणि ईमान राखून एकमेकांना सब्र व दयेची ताकीद करणाऱ्यांत सामील होणे.

कृष्णा आणि कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, कराडला एकत्र येतात आणि ते पाणी सांगलीला पोहोचते. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच पाण्याने आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली. १२ ऑगस्टला ईदुल अजहा होती आणि असंख्य कुटुंबे घराबाहेर होती. सांगलीसाठी तो भुकेचा दिवस होता. त्या दिवशी सपाट जमिनीवरच अकबह उभा होता. छातीभर पाण्यातून वृद्धांना बाहेर काढणारे आणि छावणीत भाकरी पोहोचविणारे हात तो चढत होते. शेजाऱ्याचा धर्म विचारण्याची ती वेळ नव्हती आणि इस्लामने तशी अट घातलेलीही नाही.

म्हणून मिरजेजवळचा दंडोबा असो की साताऱ्याचा अजिंक्यतारा, डोंगरावर अवश्य जावे. वेळेवर नमाज अदा करावी, कचरा मागे ठेवू नये, दुबळ्याच्या चालीने चालावे. परतल्यावर मात्र स्वतःला एकच प्रश्न विचारावा : पायांना जो दम सोसण्याची सवय झाली, ती माझ्या गल्लीतील अनाथाच्या, विधवेच्या, कर्जबाजारी शेजाऱ्याच्या उपयोगी पडते आहे काय? उत्तर नकारार्थी असेल तर आपण डोंगर चढलो, पण घाट अजून पायथ्याशीच आहे.

अल्लाह आपणा सर्वांना तो घाट चढण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.