वेब की अ‍ॅप : नव्या उद्योगाची पहिली निवड

वेब अ‍ॅप ब्राउझरमध्ये चालते. लिंक दाबली की उघडते. मोबाइल अ‍ॅप आधी गूगल प्ले किंवा अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवरून डाउनलोड करावे लागते. ही एक पायरी लहान दिसते, पण ज्याला वस्तू एकदाच पाहायची आहे तो ग्राहक तिथूनच परततो.

भारतात याचा अनुभव मोठ्या कंपन्यांनी घेतला आहे. मार्च २०१५ मध्ये फ्लिपकार्टने मोबाइलवरची वेबसाइट बंद करून ग्राहकांना अ‍ॅपकडे वळवले. मे महिन्यात तिच्याच मालकीच्या मिंत्राने संगणकावरची वेबसाइटही बंद केली. दोन्ही निर्णय फिरवावे लागले. फ्लिपकार्टने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘फ्लिपकार्ट लाइट’ हे वेब अ‍ॅप आणले; मिंत्राची वेबसाइट जून २०१६ मध्ये परतली. घरोघरी नाव पोचलेल्या कंपन्यांना जी सक्ती पेलली नाही, ती नवख्याला पेलणे अवघड.

म्हणून दोन गोष्टी आधी तपासाव्यात : ग्राहक किती वेळा परत येणार आणि फोनमधले नेमके काय लागणार.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मठारकाम केलेली तांब्याची भांडी बनतात. असे घंगाळ घेतलेला ग्राहक वर्षानुवर्षे दुसरे घेत नाही. तो गूगलवर शोधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून येतो आणि यूपीआयने पैसे देतो. हे सगळे वेबवर होते. कसबा गणपतीला आलेल्या पाहुण्यासाठी पेठेतल्या जुन्या वाड्यांची माहिती द्यायची असेल, तर क्यूआर कोडमागे वेबपेजच हवे.

याउलट, तीच भांडी घरपोच देणाऱ्या मुलाचे लोकेशन फोन खिशात असतानाही कळायला हवे. वेबपेज बंद होताच ते थांबते. तिथे मोबाइल अ‍ॅप लागते. एकाच उद्योगात ग्राहकासाठी वेब आणि डिलिव्हरीसाठी अ‍ॅप, अशी विभागणी त्यामुळे सोयीची ठरते. नोटिफिकेशनसाठी मात्र अ‍ॅप अनिवार्य राहिलेले नाही. आयफोनवरही मार्च २०२३ च्या आयओएस १६.४ पासून वेब अ‍ॅप त्या पाठवू शकते. अट इतकीच, की ग्राहकाने ते होम स्क्रीनवर ठेवलेले असावे.

खर्चात नोंदणीचे शुल्क किरकोळ असते : गूगलचे एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलचे वर्षाला ९९. खरा भार देखभालीचा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही सांभाळावे लागतात, प्रत्येक सुधारणा स्टोअरच्या तपासणीतून जाते आणि काही ग्राहक जुन्याच आवृत्तीवर राहतात. वेबवरची चूक सर्व्हरवर एकदा दुरुस्त केली, की पुढच्या भेटीत प्रत्येकाला दुरुस्त पान मिळते. फ्लटरसारख्या साधनाने दोन्ही फोनसाठी एकच कोड लिहिता येतो, पण स्टोअरची तपासणी चुकत नाही. अ‍ॅपमधून डिजिटल माल विकल्यास स्टोअरचे साधारण १५ ते ३० टक्के कमिशनही हिशेबात धरावे. भांड्यांसारख्या मालाला ते लागत नाही.

सुरुवात वेबने करावी. सर्व्हरवरची व्यवस्था वेबपासून वेगळी ठेवावी, म्हणजे पुढे अ‍ॅपलाही तीच वापरता येते. तेच ग्राहक दर आठवड्याला परतू लागले, की अ‍ॅप काढावे आणि त्यानंतरही वेब चालू ठेवावे.